गोटी सोड्याचा शेवटचा उन्हाळा

आत्याबाई,

सोड्याचा कारखाना मी बंद केला. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा हे तुम्हाला सुनेकडूनच कळावं म्हणून लिहायला बसले, आणि बसल्यावर लक्षात आलं की तुम्हाला कळवणारं दुसरं आहेच कोण. तुम्ही गेलात तेव्हा तुमची नात पहिलीत होती, दप्तर तिच्याहून मोठं दिसायचं. आता ती नागपूरला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करते आणि फोनवर मलाच पाणी प्यायची आठवण करून देते. या सगळ्या वर्षांत कारखाना मी चालवला. तुमच्यासारखा चालवला असं म्हणत नाही, पण उन्हाळा एकही चुकवला नाही. लग्नाच्या ऑर्डरी, कापूस घेऊन आलेल्या गाडीवानांची गर्दी, जळगाव जामोदच्या एसटीच्या टपावर चढवायचे खोके, सगळं चालू होतं. आता नाही. आणि मी रडत नाहीये, हेही आधीच सांगून ठेवते.

डोणगावहून लग्न होऊन खामगावला आले तेव्हा सासरी कारखाना आहे एवढंच मला ठाऊक होतं. माझ्या डोक्यात मोठी भिंत, भोंगा, फाटकावर पहारेकरी असं काहीतरी होतं. निघाली घरामागची टिनाची शेड. एक हातानं फिरवायचं मशीन, गॅसची टाकी, बाटल्या धुवायचे दोन हौद आणि कोपऱ्यात चिनी मातीच्या बरण्या. मामाजींनी ही शेड घातली, ते लवकर गेले, आणि बाईमाणसानं सोडा भरायचा म्हणजे काय असं भाऊबंद म्हणत असताना तुम्ही पदर खोचून मशीनचं हँडल धरलं. ही गोष्ट तुम्ही मला कधी सांगितली नाही. बाजारातले लोक सांगायचे. लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी मी स्वयंपाकघरात कणीक मळतेय आणि मागून बंदूक सुटल्यासारखा आवाज येतो. माझ्या हातून परात खाली. तुम्ही दारात येऊन उभ्या, कपाळावर घाम, आणि तुम्हाला हसू आवरत नाहीये. "काऊन वं, भेव लागलं काय? बाटली फुटली एक. गॅस जास्त झाला का फुटते. मानसाचंबी तसंच हाये." असं म्हणून तुम्ही परात उचललीत, खाली पडलेली कणीक गाईला टाकलीत आणि मला नवीन पीठ काढून दिलंत.

अद्रकच्या बरण्या ही तुमची खास जागा. बाकीचे सोडेवाले बाजारातून इसेन्स आणत. तुम्ही मात्र अद्रक पाट्यावर वाटून, साखर आणि लिंबू घालून बरणीत आंबवत ठेवायच्या, तोंडाला धुतलेलं फडकं बांधून. थंडीत त्याला वेळ लागायचा, वैशाखात ते भराभर यायचं. कधी झालं हे तुम्ही चाखून बघत नव्हतात, बरणीला कान लावायच्या. एका दुपारी मला हाताला धरून खाली बसवलंत. "लाव कान. काय ऐकू येते?" मला काहीच येईना. तुम्ही म्हणालात, "हळू बोलून राह्यली थे. अजून चूप बस." मग खरंच आलं ऐकू. बारीक, दूरवर कुणीतरी कुजबुजल्यासारखं. बीएच्या तीन वर्षांत मी अशी कान देऊन कुठलीच गोष्ट ऐकली नव्हती. तो अद्रकचा सोडा प्यायला जलंबच्या रेल्वेतून उतरलेली माणसं आधी आपल्या गल्लीत वळायची आणि मग कामाला जायची.

तुमचं रागावणंही आठवतं. फुटलेली काच उडू नये म्हणून मशीनसमोर लावलेली जाळी उचलून मी आत डोकावत होते. बाटली उलटी झाली की गोटी गळ्यात येऊन रबराच्या वायसरवर कशी बसते, ते मला बघायचं होतं. तुम्ही माझा हात असा झटकलात की नवी बांगडी फुटली. "डोया गेला तं कोन आनून देईन तुले? तुहा बाप?" मी रडत आत गेले. बापावर गेलात याचंच मला जास्त लागलं होतं. संध्याकाळी तुम्ही पाट्यावर इतकं अद्रक वाटलंत की दोन बरण्या भरल्या असत्या. मग दिवाळी आली. पाडव्याला शेजारणींच्या सुना नवीन साड्या नेसून मिरवत होत्या आणि तुम्ही माझ्यासमोर वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी ठेवलीत. आत मोटारसायकलवाल्यांचा गॉगल होता, बसस्टँडजवळच्या दुकानातला, मागे काळा रबरी पट्टा. तुमचा मुलगा हसून हसून बेजार झाला. तुम्ही त्याच्याकडे न बघता मला म्हणालात, "साडी लोकं पाह्यतीन. याच्यातून तू पाह्यशीन. लाव आन् चाल, मशीन दाखवतो तुले." त्या दिवशी पहिल्यांदा मी हँडल फिरवलं. जरीची साडी आणि डोळ्यांवर गॉगल. तसा फोटो कुणी काढला नाही, याचं आता वाईट वाटतं.

पण आज मी लिहायला बसले ते ताईबद्दल. तुम्ही तिला "वो पोरी" म्हणायच्या. बाटल्या धुवायला ती आली तेव्हा माझ्याहून जरा लहानच होती, नुकतंच लग्न झालेलं, पलीकडच्या वस्तीतून सकाळी यायची, वस्तीतल्या बुद्धविहाराच्या मागे तिचं घर. ब्रश फिरवताना गाणी म्हणायची. मी तिला ताई म्हणायला लागले ते तुम्हाला फारसं पसंत नव्हतं, पण तुम्ही अडवलं नाहीत. एकदा एका बड्या घरचा माणूस लग्नाची ऑर्डर द्यायला आला. सगळं ठरलं, आणि जाता जाता हौदाकडे बघत त्यानं हळूच विचारलं, "बाटल्या हीच धुते का हो?" तुम्ही म्हणालात, "हाव. तिचे हात तुमच्यापक्षा साफ हायेत. पटत नसन तं दुसरीकून घ्या." ऑर्डर गेली. मला तुमचा एवढा अभिमान वाटला की मी आत जाऊन तुमच्या मुलाला दोनदा सांगितलं. आणि त्याच संध्याकाळी चहा झाला तेव्हा ताईचा चहा नेहमीसारखा शेडच्या खिडकीत ठेवलेल्या वेगळ्या स्टीलच्या पेल्यात ओतलात. तिनं पिऊन, स्वतः विसळून, पेला पुन्हा खिडकीत उपडा ठेवला. तुम्ही दोघीही असं वागत होतात जणू यात बघण्यासारखं काही नाहीच. मी बघत होते. एकाच दिवसात एकाच बाईची ही दोन रूपं कशी, याचा मला तेव्हा उलगडा झाला नाही. पुरता आजही झालेला नाही.

मग ती दुपार आली. जाळी थोडी सैल होती, बाटली फुटली आणि काच तुमच्या तळव्यात शिरली. मी किंचाळून दारातच थिजले. ताई धावली. तिनं आपल्या साडीचा पदर फाडून हात घट्ट बांधला, तुम्हाला भिंतीला टेकवून बसवलं, आणि तुम्ही "पानी" म्हणालात तेव्हा जे भांडं हाताशी होतं त्यात पाणी आणलं. खिडकीतला पेला. तुमच्या ओठांपर्यंत नेताना तो कुठला आहे हे तिच्या लक्षात आलं आणि तिचा हात थांबला. तुम्हीही बघितलंत. मग तुम्ही तिच्या मनगटाला धरून पेला जवळ ओढलात आणि पाणी प्यायलात, सगळं, शेवटच्या घोटापर्यंत. दुसऱ्या दिवशी तो पेला स्वयंपाकघरातल्या मांडणीवर आपल्या पेल्यांत होता. कुणी ठेवला, कुणी विचारलं नाही. त्यानंतर ताई चहाला ओट्यापाशी यायला लागली. तुम्ही त्यावर एक शब्दही कधी बोलला नाहीत आत्याबाई, म्हणून मी इतकी वर्षं विचार करत राहिले की तो बदल मनापासून होता की त्या काचेमुळे. आता वाटतं, दोन्ही असेल. कसा का होईना, झाला.

बंद का केला ते सांगते. गोटीच्या बाटल्या आता इकडे मिळत नाहीत. दरवर्षी काही फुटायच्या, काही लोक घरी न्यायचे, आणि नवीन आणायच्या तर फार लांबून. मशीनचे भाग बनवून देणारा मिस्त्री म्हातारा होऊन मुलाकडे गेला. माझा उजवा खांदा हँडल फिरवून असा झालाय की वेणी घालायला हात वर जात नाही. तुमचा मुलगा एसटीतून निवृत्त झाला, तो मदत करतो, पण सोड्यात त्याचं मन कधी नव्हतंच. नात म्हणाली, "आई, पुरे नं आता." तेव्हा गेल्या वर्षी उन्हाळा सुरू होतानाच मी दारावर पाटी लावली. हा शेवटचा उन्हाळा, बाटल्या मिळत नसल्यामुळे कारखाना बंद होत आहे.

पुढं काय झालं ते बघायला तुम्ही हव्या होतात. लोक बाटल्या घेऊन यायला लागले! आधी गल्लीतली एक बाई आली, बाटलीत मनी प्लांट लावला होता, मुळं तशीच लोंबत होती. मग शिवणकाम करणारे चाचा आले, ते बाटली कपड्याची शिवण दाबायला वापरायचे. जळगाव जामोदहून एक निवृत्त हेडमास्तर एसटीनं आले, धोतरात एकेक बाटली वेगळी गुंडाळून, कुठं टिचू नये म्हणून पिशवी सगळ्या रस्ताभर मांडीवर ठेवलेली. म्हणाले, "तुमच्या सासूबाईंच्या हातचा अद्रक पिऊन मी मॅट्रिकच्या पेपरला बसलो होतो." एक टक्कल पडलेला माणूस नुसती गोटी घेऊन आला. हिरवी, घासलेली. "लहानपनी बाटली फोडली होती काकू, गोटी काढ्यासाठी. बाटली तं नाई आनू शकत. हे घ्या." मी त्याला सोडा पाजला, आणि बाटलीतली गोटी आत दाबल्यावर गॅसचा आवाज झाला तसा तो लहान पोरासारखा हसला. उन्हाळा संपता संपता हौदाशेजारी इतक्या बाटल्या जमल्या की पाय ठेवायला जागा राहिली नाही.

तुमचा मुलगा कमरेवर हात ठेवून त्या ढिगाकडे बघत म्हणाला, "आता काय करशील? पाटीवर तं बाटल्या नाही असं लिहिलं हाये." मी मशीनशेजारच्या स्टुलावर बसले. एवढ्या बाटल्यांवर अजून किती उन्हाळे निघाले असते. लोकांनी इतक्या मायेनं आणून दिलेलं, ते बघून आनंदानं पुन्हा उभं राहायला हवं होतं. पण खरं सांगू, मला कसंतरीच झालं. मला समजलं की बाटल्या हे पाटीवर लिहायचं कारण होतं. मलाच आता थांबायचं होतं. हे काम मी प्रेमानं केलं, तुमच्याकडून घेतलं म्हणून केलं आणि मला आवडलं म्हणूनही केलं, आणि आता ते माझ्यापुरतं पूर्ण झालं होतं. असं म्हणायची आपल्याकडे सवय नाही. काम संपतं ते माणूस आजारी पडलं की, नाहीतर गेलं की. तुमचं तसंच संपलं, अंथरुणावरूनसुद्धा तुम्ही अद्रकची चौकशी करायच्या. धडधाकट बाईनं आपणहून हात पुसून उठावं, याला काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं.

ताई खाली बसून त्या नव्यानं आलेल्या जुन्या बाटल्या धूत होती. मान वर न करता म्हणाली, "वहिनी, बंदच करा लागते तं मंग आपन ह्या धुऊन कायले राह्यलो?" मी म्हटलं, मलाही कळत नाहीये. मग ती उठली, हात पदराला पुसले आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मले द्या. मशीन, बाटल्या, बरन्या. मी चालवीन. माही सून हाये सोबतीले, तिचे हात चांगले जोरदार हायेत." इतकी वर्षं माझ्या शेजारी काम करत होती आणि हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. ती पुढं म्हणाली, "फुकट नोको मले. दाम घ्या." तुमचा मुलगा घुटमळला. त्याच्या मनात वाईट नव्हतं, पण तो हळूच मला म्हणाला, "लोक घेतीन काय तिच्या घरचा सोडा?" तेवढं ताईनं ऐकलं. ती हसली. "भाऊ, आजपावतर लोक सोडा पेले थो कोनाच्या हातचा? गोटी सोडून सारं म्याच तं धुतलं." त्यानं दुसऱ्या दिवशी स्वतः ओळखीचा टेम्पो आणला.

मशीन नेलं तेव्हा शेडमध्ये चारी बाजूंनी उजेड आला. मी आणि ताईनं मिळून फरशी झाडली, कोपऱ्याकोपऱ्यातून काचेचे हिरवे कण निघाले, वर्षानुवर्षांचे. बरण्या मी टेम्पोत ठेवू दिल्या नाहीत, आम्ही दोघींनी त्या कडेवर घेऊन चालत तिच्या घरी नेल्या. रस्त्यात लोक विचारत, "काय वो, लोनचं घातलं काय?" तिच्या सुनेला मी खाली बसवलं, बरणीला कान लावायला सांगितला. ती पोट्टी म्हणाली, "मावशी, हे तं गॅसवर ठेवलेल्या दुधासारखं वाजते." माझ्या कधी ध्यानात नाही आलं, पण बरोबर आहे, तसंच वाजतं. पूर्वी मी ठरवलं होतं की मशीन आणि बरण्या जाताना मनातल्या मनात तुमची परवानगी मागेन. मागितली नाही. तुम्ही त्या दुपारी पेला जवळ ओढलात, त्यालाच परवानगी समजले. चुकले असेन तर तुम्ही भेटाल तेव्हा हात झटका, आता बांगड्या काचेच्या नाहीत.

यंदा आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मी माहेरी गेले. लग्नानंतर पहिल्यांदा. आखाजी म्हणजे आपल्या धंद्याचा ऐन जोर, मी कधी मागितलंही नाही आणि तुम्ही कधी अडवलंही नाही. डोणगावात भावाच्या शेतात आंब्याखाली बाज टाकून मी दुपारभर झोपले. भावजय घाबरून बघायला आली की जिवंत आहे ना. भावाच्या नाती झोका घेत होत्या, त्यांनी मलाही बसवलं. या खांद्यानं दोर नीट धरता येईना तर दोघींनी दोन्ही बाजूंनी मला धरलं. परत आले तेव्हा रिकाम्या शेडमध्ये तुमच्या मुलानं माझ्यासाठी एक मोठी खिडकी नव्यानं बसवून घेतली होती. तिथं आता सकाळी गल्लीतल्या चार पोरी इंग्रजी शिकायला येतात. बीए इतक्या वर्षांनी कामाला आलं. तुम्ही म्हणायच्या, शिकलेली सून म्हणजे बिनगॅसचा सोडा. बघा मग.

हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवीन असं लिहिताना ठरवलं होतं, पण तिथं ठेवलं तर तुमचा मुलगा साफसफाईत वाचेल, आणि एक गोष्ट त्यानं अजून वाचू नये असं मला वाटतं. कालच ताईच्या दारात मी गिऱ्हाइकासारखी लायनीत उभी राहिले. माझ्यापुढं दोन गाडीवान, मागं शाळेतल्या मास्तरीण बाई. ताईनं मला आधी द्यायला हात पुढं केला, मी म्हटलं, नंबर येऊ दे. नंबर आला, मी गोटी आत दाबली, उभ्याउभ्याच प्यायले. तिनं अद्रकमध्ये तिच्या परसातल्या लिंबाची साल किसून घातलीय, थोडंसं काळं मीठ. तिनं विचारलं, "कसा झाला वहिनी?" मी म्हटलं, "चांगला हाये."

आत्याबाई, चांगला नाही. आपल्यापेक्षा चांगला झालाय. तुमच्यापेक्षाही. तिला सांगायला अजून जीभ उचलत नाही, म्हणून आधी तुम्हाला सांगितलं.